चोविसातला तेविसावा प्लग

२००९ साली दुबईजवळच्या जबल अलीतलं ते गॅरेज बंद व्हायला आलं होतं. मंदीत मालकाने जुन्या मोटारी विकून टाकल्या. उरलं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं बारा सिलिंडरचं इंजिन, आणि ते जोडणारा दाभोळचा शौकत. बुधवारी अल ऐनचा एक शौकीन अरब येणार होता. इंजिन पूर्ण जोरावर चाललं तर तो शौकतसकट घेणार. नाहीतर व्हिसा रद्द. गावी बायकोने, मैमुनाबीने, तर तो कायमचा परत येणार म्हणून खोलीला रंगही काढला होता.

सोमवारी इंजिन चालू केलं. अर्ध्या जोरावर गोड चाललं. पुढे रेटलं तशी आतून खडखड. शौकतने लगेच बंद केलं.

"बेअरिंग गेलं. खलास," पुण्याचा इंजिनिअर सुजीत म्हणाला.

"आधी स्पार्क प्लग बघू. सिलिंडरला दोन-दोन, चोवीस."

"दोन बघा, शौकतभाई. चोवीस कशाला?"

"तुम्ही चहा घ्या, साहेब."

त्याने चोवीसही काढले, वर्तमानपत्रावर नंबराने मांडले. दुपार त्यातच गेली. तेविसाव्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. पिस्टनचा पृष्ठभाग उडू लागला होता.

"टाकीत काय ओतलं?"

सुजीत वरमला. "पंपावरचं सुपर. अठ्ठ्याण्णव ऑक्टेन नंबर. याला शंभरचं लागतं. म्हटलं, दोनाचाच तर फरक."

"मोटारीचा नंबर वेगळ्या मापाने काढतात, विमानाचा वेगळ्या. पंपावरचं अठ्ठ्याण्णव इथे हलकंच. हलकं पेट्रोल दाबाखाली ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. पिस्टनवर हातोडाच बसतो. लढाईत शंभर नंबरचं आलं, तेव्हा याच इंजिनात जास्त हवा कोंबता आली. विमान तेच, पळायला लागलं दुप्पट उत्साहाने."

प्लगच्या भोकातून बल्ब सोडून त्याने प्रत्येक पिस्टन पाहिला. भोक एकालाही नव्हतं. मंगळवारी विमानाच्या पेट्रोलचं पिंप आलं. टाकी धुतली, नळ्या धुतल्या, तेविसावा नवा घेऊन प्लग पुन्हा बसवले.

बुधवारी इंजिन पूर्ण जोरावर गेलं. खडखड नाही. पत्र्याचं छप्पर थरथरलं. अरबाने इंजिनाकडे बोट केलं, मग शौकतकडे. "दोन्ही. यल्ला, चला."

"एक सांगा," सुजीतने विचारलं, "चोवीस कशाला काढलेत?"

"तेविसावाच खराब आहे हे आधी कळलं असतं तर एकच काढला असता."

संध्याकाळी त्याने गावी फोन लावला, नोकरी राहिली, इतक्यात परत येत नाही म्हणून सांगितलं.

"मग रंग कोणासाठी काढला मी?" मैमुनाबी फणकारली.

"नीट वाळू दे. ईदला येतो, इन्शाल्ला. आणि कोपरे बघ. कोपऱ्यात दुसरा हात मारलेला नसणार."

मारलेला नव्हता.