उन्हाची जागा

ओट्यावर निथळत ठेवलेल्या भांड्यांतून एक वाटी आपसूक घसरते. टण्ण. दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज. वृषाली दचकून राहीकडे बघते. पोर हललेली नाही. चार वर्षांच्या लेकीला थोपटता थोपटता तिचाच हात जड होत जातो.

समोर भिंतीवर आबांचं, तिच्या वडिलांचं, शेवटचं चित्र आहे. जलरंगातलं, दाजीपूरच्या जंगलाचं. आजऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारे आबा गेले तेव्हा ते बोर्डावर तसंच चिकटवलेलं होतं, जागोजागी कागद कोरा. अर्धवट राहिलं बिचाऱ्यांचं, असं वर्षभर सगळ्यांना सांगून शेवटी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिनंच त्यात पिवळा भरला. आणि जंगलातलं ऊन मेलं. नवरा म्हणतो, चांगलं झालंय की. तिला मात्र तिकडं बघवत नाही. आबांना काय वाटलं असेल, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

भिंत हिरवी होत जाते. पायाखाली पाला करकरतो. ऐनाच्या बुंध्याशी आबा उकिडवे बसलेत, कानामागं ब्रश.

मान वर न करता ते म्हणतात, उशीर केलास. राही झोपत नव्हती, ती सांगते. आबा हसतात. तू तरी कुठं झोपायचीस, तुझी आई तुला वर्गात आणून माझ्या टेबलावर ठेवून जायची.

झाडांमध्ये आता शाळेचे बाक आहेत. वही तपासायला नेणाऱ्या मुलीसारखी ती चित्र पुढं करते.

"आबा, मी घाण केली ना?"

आबा कागद डोळ्यांजवळ नेतात. पिवळ्यावरून हलकेच बोट फिरवतात.

"ऊन रंगवायचं नसतं, वृशे. सोडायचं असतं. पानं रंगवायची, सावली रंगवायची, आणि उन्हाची जागा कोरी सोडायची."

"म्हणजे चित्र पुरं झालं होतं?"

"ब्रश धुऊन ठेवला होता की मी."

तिला हुंदका आवरत नाही. रागावलात का, असं ती कसंबसं विचारते.

"रिकामी जागा बघवत नाही गं माणसाला. तुझी आई गेल्यावर मी घरभर खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. बसायला कोण होतं?"

सदऱ्याचं टोक पाण्यात बुडवून ते कागदावर हलकेच दाबतात. ती त्यांची बाही घट्ट धरते. थांबा, म्हणते. बाही मऊ होते, सुती होते. मुठीत उशीचा अभ्रा असतो.

राही गादीवर उभी राहून भिंतीकडे बघतेय. चित्र तिच्या हाताच्या कितीतरी वर. वृषाली स्टुलावर चढते. ऐनाच्या बुंध्याशी अंगठ्याएवढी जागा पांढरीशुभ्र आहे. बोट लावते, तर ओलसर.

"आई," राही खालून विचारते, "तिथलं पिवळं कुठं गेलं?"