टाक्यांमधलं अंतर

माझी आई भिंगारमध्ये पोरींचे फ्रॉक शिवायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, आकडेही नाहीत, म्हणून प्रत्येक पोरीसाठी तिनं जुन्या साडीच्या काठाची एक पट्टी ठेवली होती. कुठली पट्टी कुणाची, हे तिला काठावरून कळायचं. जूनमध्ये शाळेचा फ्रॉक, दिवाळीला नवा. दोन्ही वेळेला खांद्यापासून पट्टी सोडायची आणि गुडघ्यापाशी लाल दोऱ्याचा टाका घालायचा. हसणारे हसायचे. पण आईनं शिवलेला फ्रॉक आखूड झाला, असं कुणी शपथेवर सांगावं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या पोरीचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते आणि ती आजीजवळ राहायची. सात वर्षांची, दुसरीत. अंगानं अशी भरली होती की जो तो आजीच्या हाताला नावाजायचा. मग दिवाळीनंतर एक दिवस छाती दुखते म्हणून ती रडायला लागली. आजीनं पाहिलं आणि तिचं दप्तर खुंटीला टांगून टाकलं.

"पोर शानी व्हायला, वयात यायला लागली," ती माझ्या आईला म्हणाली. "आता शाळा बास."

"मावशी, सात वर्साची हाय ती. दवाखान्यात दावू."

"तुझी न्हाई का वाढायला लागली? तिला कुठं दवाखान्यात नेलंस?"

तुझी म्हणजे मी. मी अकरा वर्षांची होते, आणि माझ्या अंगाची अशी चर्चा मला मुळीच खपली नाही. पण मला विचारतो कोण?

आई भांडली नाही. तिनं ट्रंकेतून दोन पट्ट्या काढल्या, माझी आणि त्या पोरीची, आणि जमिनीवर शेजारीशेजारी अंथरल्या. माझ्या टाक्यांत एकेका बोटाचं अंतर होतं आणि दहाव्या टाक्यानंतर एकदम दोन बोटांचं. तिच्या पट्टीवर टाके चारच होते. पहिलं अंतर एक बोट, मग दीड, मग दोन.

"ही धा टाक्यांनंतर अशी वाढली," आई म्हणाली. "ती तिसऱ्यालाच. ही येळेवर हाय, मावशी. ती लई आधी."

आजीनं दोन्ही पट्ट्यांवरची अंतरं स्वतःच्या बोटांनी मोजली. मग म्हणाली, "उद्या जाऊ."

नगरच्या दवाखान्यात आजीला धीर म्हणून आई गेली आणि आईला धीर म्हणून मी. डॉक्टरांनी पोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, खातीपिती आहे, पाचसहा महिन्यांनी आणा. तेव्हा आईनं त्यांच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या पसरल्या. परक्या माणसासमोर माझंही माप उघडं पडलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टरांनी मात्र फूटपट्टी घेतली, एकेक अंतर मोजून कागदावर लिहिलं, आणि सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. रक्त घेतलं, हाडांची वाढ बघायला हाताचा फोटो काढला.

आठवड्यानं त्यांनी आजीला समोर बसवलं. "हे दहा-अकराव्या वर्षी सुरू झालं तर ती वेळच असते, आजी. आठाच्या आत झालं तर तपासावं लागतं. आत्ता वाईट काही दिसत नाही, पण दर सहा महिन्यांनी दाखवा. शरीर पुढं गेलंय, पोर सात वर्षांचीच आहे. तिला खेळू द्या, शाळेत पाठवा." मग ते आईकडं वळले. "बाई, तुमच्या पट्ट्या नसत्या तर मी हिला परत पाठवली असती."

माझी लाज कुठल्या कुठं पळाली.

सोमवारी आजी स्वतः पोरीला शाळेत घेऊन आली. बरोबर आई आणि मीही होतो. गुरुजींनी पोरीची उंची बघून सवयीनं शेवटच्या रांगेकडं बोट दाखवलं.

"गुरुजी, उंच दिसती म्हनून मागं बसवू नगा," आजी म्हणाली. "ल्हान हाय ती."

गुरुजींनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. आई दाराबाहेर उभी राहून बघत होती. ही माझी आई आहे, असं त्या सगळ्या वर्गाला ओरडून सांगावं, असं मला वाटलं.