वहिनीचं जर-तर

पेणला माझ्या भावाचा गणपतींचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्याची वेबसाइट मी रोह्यात बसून सांभाळते. सांभाळते म्हणजे फुकटात करते आणि वर बोलणीही खाते. दादा मोठा, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय नाही. वहिनी माझ्याहून थोडीच मोठी, तिच्याशी मात्र भांडता येतं. निदान येत होतं.

पहिली साइट मी घाईघाईत केली होती. तिच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या साच्यात, सगळी खिचडी होती. रंग, फोटो, मजकूर आणि त्यातच ‘असं असेल तर हे दाखव, नाहीतर ते लपव’ असले नियम. आमच्या कामात याला कुणी चांगलं म्हणत नाही. पण मूर्तींचा मजकूर वहिनी लिहायची. एकेका शब्दासाठी तिनं मला फोन करण्यापेक्षा तिलाच पासवर्ड दिलेला बरा, असं म्हणून मी मोकळी झाले.

बारावी होऊन लगेच लग्न करून आलेली ही बाई. दिवसभर कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायचा, अंगाचा रंग द्यायचा. डोळ्यांची आखणी फक्त दादा करतो, तो ब्रश तो कुणाच्या हाती देत नाही. हात धुऊन झाले की वहिनी लॅपटॉप उघडायची आणि मजकूर सोडून भलतंच वाचत बसायची. एकदा फोन करून म्हणाली, “हे ‘इफ’ म्हणजे आपलं ‘जर’च ना गो? मग मला जमतंय.”

आणि जमलं की. मूर्ती मोठी असेल तर फोटोखाली ‘मखराची उंची मोजून या’ अशी ओळ येऊ लागली. ती मी घातलेली नव्हती. दरवर्षी कुणीतरी हौसेनं मोठा गणपती नेतं आणि मुकुट मखराला अडला की दादाला फोन करतं, त्यावर तिचा हा तोडगा. तेव्हापासून तिला चटकच लागली. ‘जर’ लिहिताना तिचा चेहरा कसा खुलायचा ते मी पाहिलंय. घरात तिला ‘तुला काय वाटतं’ असं विचारायची पद्धतच नव्हती. त्या पानावर मात्र ती म्हणेल तसं घडायचं.

मग गेल्या गणपतीत घोटाळा झाला. आमच्या घरात मूर्तीला तडा गेला तर ती ‘मोडली’ असं म्हणत नाहीत. बांगडी वाढवतात, तशी मूर्तीही ‘वाढली’ म्हणायची. वहिनीचा एक नियम होता, मूर्तीच्या माहितीत जर ‘मोडली’ असेल तर तो शब्द आणि बुकिंगचं बटण दोन्ही लपव. पण तो शब्द तिला टोचत होता. कुणाला दिसत नाही म्हणून काय झालं, लिहिलेला तर आहे, असं म्हणत तिनं मूर्तींच्या माहितीत त्याऐवजी ‘वाढली’ घातलं. नियमात बदलायचं राहिलं. नियम बिचारा ‘मोडली’ शोधत बसला, त्याला काही ती सापडली नाही, आणि बटण उघडंच राहिलं. खाली ठसठशीत अक्षरात ‘वाढली’. लोकांना वाटलं, मूर्ती वाढल्यात, आणखी आल्यात. तडा गेलेल्या एकाच गणपतीवर पाच-सहा घरांनी नाव लावलं.

कोलाडहून एक कुटुंब पाट आणि नारळ घेऊन दारात उभं राहिलं, तेव्हा दादाला कळलं. त्यानं हात जोडून त्यांना दुसरी मूर्ती दिली. त्यांनी नेली, पण नाराजीनंच. आमच्याकडे शब्द गेला म्हणजे सगळंच गेलं. सण संपेपर्यंत दादा वहिनीशी बोलला नाही, आणि मग मला म्हणाला, “तिला नुसतं लिहू दे. डोकं तू चालव.”

खरं तर तो तिचा पासवर्डच काढायला निघाला होता. ते मला पटेना, म्हणून मी नवी पद्धत शोधायला बसले. समोर दोन होत्या. एक आधीसारखीच ऐसपैस, साच्यात वाटेल ते लिहू देणारी. दुसरी कडक. तिच्या साच्यात नुसत्या मोकळ्या जागा, नाव इथे, फोटो तिथे, मजकूर खाली. ‘जर’ लिहीन म्हटलं तरी लिहिता येत नाही. सगळे नियम वेगळ्या ठिकाणी, माझ्या कोडमध्ये. मी दुसरी घेतली. आजही मला विचाराल तर तीच बरोबर. वहिनीनं काहीही लिहिलं तरी आता काही बिघडणार नव्हतं. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

तिचे सगळे नियम मी एकेक करून उचलून माझ्याकडे ठेवले आणि गाडीनं पेणला जाऊन तिला नवं पान दाखवलं. ती बराच वेळ वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, “माझं ‘जर’ कुठं गेलं?”

ते माझ्याकडे सुखरूप आहे, नवं काही सुचलं तर मला सांग, मी घालीन, असं मी म्हटलं.

“म्हणजे इथंपण मला अंगाचा रंग. डोळे तुमच्याकडं.”

मी हसले. मला वाटलं ती चिडवतेय. परतताना नागोठणं गेलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग मला तिचाच राग आला. एवढं करूनही हिचं हेच! रोहा येईपर्यंत तो राग दादावर गेला, तिथून माझ्यावर, पण पद्धत बदलावी असं काही मला वाटलं नाही.

सुरुवातीला तिचे फोन यायचे. गिऱ्हाईक लांबचं असेल तर अमुक दाखवूया का गो, मूर्ती शाडूची असेल तर तमुक. माझं ऑफिसचं काम चालू असायचं. ‘बघते’ म्हणायचे आणि राहून जायचं. मग फोन बंद झाले. साइट मात्र झकास चालली आहे. दादा येईल-जाईल त्याला माझं कौतुक सांगतो, आणि ते ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटतं.

मागच्या महिन्यात पेणला गेले होते. दादा बाहेर होता. मी वहिनीला म्हटलं, नियम ठेवलेत ती बाजूही तुला उघडून देते, दादाला कळायचं कारण नाही.

“नको गो. परत काय झालं तर माझ्याच अंगावर येईल. तू सांग काय लिहायचं, मी तेवढं लिहिते.”

हात पुसून ती लॅपटॉपसमोर बसली. नव्या मूर्तींचे फोटो आले होते. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. मधेच ऑफिसचा मेसेज आला, तो वाचता वाचता मी पुढचं सांगितलं, सिंहासनावरचा गणपती. मान वर केली तर फोटोतला गणपती मोरावर बसलेला. त्या मोराचं पीस न् पीस वहिनीनंच रंगवलेलं होतं. तिनं ‘सिंहासनावरचा गणपती’ असं लिहिलं, बटण दाबलं, आणि मला विचारलं, “पुढं?”