पत्रिकेतला पातळ कागद

काकूंचा फोन आला तेव्हा मी रोह्याला कंपनीत सकाळच्या शिफ्टला होतो. "सुधीर, तुझं काका गेलं रे," एवढंच त्या बोलल्या. मी "बरं" म्हणालो आणि समोरचा फॉर्म पूर्ण भरला. "बरं" का म्हणालो, ते दीड महिन्यानंतरही सांगता येत नाही...

दामूकाका नात्याने माझे कोणी नव्हते. माझे वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला, काका त्यांचे मित्र. पेणला रामवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये ते होड्यांच्या जुन्या मोटारी दुरुस्त करत; सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. मोटारीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावायला त्यांनी कधी मीटर वापरला नाही. लग्नपत्रिकेत पूर्वी एक पातळ, आरपार दिसणारा कागद असायचा. त्याच्या पट्ट्या कापून ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत. मोटारीच्या पॉइंटांमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या दोन टोकांमध्ये, पट्टी अडकवायची आणि ती हलकेच ओढत वरचं चाक हाताने सावकाश फिरवायचं. पट्टी सुटली की पॉइंट उघडले, ठिणगी तेव्हाच पडणार. चाकावरची खूण नेमकी त्याच क्षणी जागेवर यायला हवी. माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा आधी आतला कागद बोटांत चोळून म्हणाले, "मुलगी कुठली ते मागनं सांग. कागद झकास हाय!"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकाल लागला त्या सुट्टीत, काका शेडच्या मागच्या खोलीत जेवत असताना, पांडूशेठच्या मोटारीचं टायमिंग मी पुस्तकात बघून लावलं. पांडूशेठ खाडीत होडी चालवतात. त्यांच्या मोटारीला चाक दुसऱ्याच मोटारीचं बसवलेलं होतं. त्यावरची मूळ खूण तिथे चालणार नव्हती, म्हणून काकांनी कानशीने वेगळी खूण केली होती. मला तो ओरखडा वाटला, मी मूळ खूणच धरली. पांडूशेठनी मोटार सुरू करायला दोरी ओढली आणि मोटारीने असा उलटा झटका दिला, की त्यांचं मनगट मुरगळलं. "कुनी लावलं रं हे?" ते ओरडले. काका खरकट्या हातानेच बाहेर आले. "मीच. चष्मा घरी ऱ्हायला, पांडू." मी पुस्तक मिटून मागे सरकवलं. नंतर मला एवढंच म्हणाले, "पुस्तक खोटं नाय. पन चाक त्याच मशीनचं हाय का, ते आधी बघावं."

तेराव्याला पांडूशेठ आले होते. तीच मोटार पुन्हा दुरुस्तीला आलेली, शेडमध्ये उघडी पडलेली. "दामू आयुष्यात एकदाच चुकला," ते जमलेल्यांना सांगत होते, "माझ्या मनगटाला इचारा." आता काकांच्या नावावर ती चूक राहू देणं मला जमेना. मी त्यांना शेडमध्ये नेऊन खरं काय ते सांगितलं.

पांडूशेठ म्हणाले, "ठावं हाय मला. दामूला चष्मा कवा होता?" मग मोटारीकडे बोट केलं. "लाव आता."

पॉइंटांमध्ये पट्टी अडकलेलीच होती. मी ती धरून चाक फिरवू लागलो. कानशीची खूण जागेवर आली आणि कागद अलगद सुटून माझ्या बोटांत आला. काकांनी टायमिंग लावून ठेवलं होतं... झाकण तेवढं राहिलं होतं. मी ते बसवलं. पट्टीच्या कोपऱ्याला हळदीचा डाग होता. कुणाच्या लग्नाची, ते काकांना विचारायला मी मान वळवली. मग पट्टी डब्यात, बाकीच्या पट्ट्यांवर ठेवून दिली.