हिरव्या दोऱ्याच्या चपला

"हे पूस."

वहिनींनी एवढंच म्हटलं आणि केरसुणी माझ्या हातात दिली. रोज सकाळी मी जिच्यानं सोसायटीचे जिने झाडायचे, तीच केरसुणी. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये ओळीनं रांगोळ्या काढल्या होत्या. मागं लाल पडद्यावर थर्माकोलची अक्षरं टाचली होती: 'स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध रांगोळी प्रदर्शन'. महिला दिन होता. पुसायला सांगितली ती रांगोळी माझी होती, आणि सांगणाऱ्या वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

मी पुसली.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणेल, म्हणून. मी पुसली. वाकून, नीट, कोपऱ्यापर्यंत. झाडायची सवय हातात इतकी मुरली होती की हात आपोआप चालला. त्या हाताची लाज मला आजही वाटते.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. नेरूळ तेव्हा नवं होतं. अर्ध्या इमारतींना अजून रंगाचा वास यायचा. आम्ही मराठवाड्यातून आलेलो, बौद्ध. माझा बाप, अण्णा, कळंबोलीच्या यार्डात ट्रक रंगवायचा. नंबर, मालकाचं नाव, मागच्या फळीवर मोर. माय आणि मी सोसायटीचे जिने झाडायचो. थोरली बहीण शालूआक्का तिसऱ्या मजल्यावर वहिनींकडं धुणीभांडी करायची. आक्का बावीस वर्षांची. बडबडी. कपडे पिळताना मोठ्यानं गायची. वहिनी आतून ओरडायच्या, "शालू, हळू गं, शेजारी काय म्हणतील!" आणि स्वतःच हसायच्या.

वहिनी वाईट नव्हत्या. दिवाळीला साडी द्यायच्या. एकदा स्वतःच्या वापरलेल्या चपला आक्काला दिल्या. तपकिरी, कातडी. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. वहिनींच्या शिवणाच्या डब्यात काळा दोरा नव्हता म्हणून आक्कानं तो हिरव्या दोऱ्यानं शिवला आणि वस्तीभर मिरवून आली.

एका दुपारी वहिनी मंडळाच्या मीटिंगला गेल्या होत्या. त्यांचा नवरा, साहेब, घरी होते. आक्का अनवाणी परत आली. रस्त्याचं डांबर तापलेलं, तिच्या तळव्यांना फोड आले होते. तिनं मायला सगळं सांगितलं. साहेबानं दार लावलं तिथपासून. मायनं मारायला हात उचलला, तो आक्काच्या तोंडावर ठेवला, आणि मग त्याच हातानं स्वतःचं कपाळ बडवलं. "गप बस पोरी. तुजं लगीन व्हायचंय." पोलीस चौकी स्टेशनच्या पलीकडं होती. तिथवर आमच्यातलं कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं दिलं. "शालू चपला विसरली." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिला म्हणावं, आता नको येऊस. मी दुसरी बाई बघते." बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुडक्याला सुतळीच्या दोन गाठी मारल्या होत्या. कामवाली चपला विसरली तर त्या दारात पडून राहतात, ती दुसऱ्या दिवशी येऊन घालते. कुणी घरी बांधून पाठवत नाही. मी जिन्यातच समजले. वहिनींना सगळं माहीत होतं.

आक्कानं पुडकं उघडलं नाही. पत्र्याच्या पेटीमागं टाकलं. तिचं गाणं बंद झालं, मग बोलणं, मग घराबाहेर पडणं. अण्णा सकाळी ब्रश घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, तिच्याकडं पाठ करून जेवायचे.

सहा महिन्यांनी वहिनींनी मला बोलावलं. "तुझ्या वडिलांचा हात आहे तुला. प्रदर्शनात कामवाल्या बायकांतलीही एक हवी आम्हाला. पेपरवाले येणार आहेत." त्यांना वाटलं असेल, आम्ही विसरलो. गरिबाला विसरावंच लागतं, असं त्यांचं गणित असावं. मी हो म्हटलं. घरी येऊन आक्काला सांगितलं, मी काय काढणार आहे ते. ती नको म्हणाली नाही.

सोसायटीतल्या बायकांनी छान छान रांगोळ्या काढल्या. आसवं गाळणाऱ्या बायका, पिंजऱ्यातली पाखरं, काळे पंजे. मी गेरूवर फक्त एक बंद दार काढलं. दाराला तोरण. नावाची पाटी रिकामी. आणि दाराबाहेर चपलांचा जोड, उजव्या अंगठ्याला हिरवा दोरा. बाई कुठंच नाही.

एक मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या, "सुबक आहे हो, पण यात अत्याचार कुठाय?"

उत्तर द्यायला वहिनी पुढं आल्या, वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या. तो दोरा त्यांच्याच घरातल्या डब्यातला होता. उठल्या तेव्हा कंबर धरल्यासारख्या हळू उठल्या. "विषयाला धरून नाही हे," त्या मॅडमना म्हणाल्या. आणि कोपऱ्यातली केरसुणी आणून माझ्या हातात दिली.

पुसून होत आलं तेव्हा मी मान वर केली. खांबापाशी आक्का उभी होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडलेली. पायात त्याच चपला. पुडकं उघडून, घालून आली होती. रांगोळीतल्या तिच्या चपला मी झाडून एका कोपऱ्यात गोळा केल्या, ते तिनं बघितलं.

तिनं पायातल्या चपला काढल्या, खांबापाशी नीट ठेवल्या आणि पुन्हा अनवाणी घरी गेली.

संध्याकाळी त्या चपला घेऊन मी तिच्यासमोर बसले. ती म्हणाली, "मी बघायला आल्ते गं." एवढंच. त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी परत काढते," मी म्हटलं.

"रांगोळी नगं." मग म्हणाली, "आन् माजं नाव नगं. त्याचं लिव्ह."

अण्णांनी काळ्या ऑइल पेंटचा डबा माझ्याकडं सरकवला. सहा महिन्यांत या विषयावर त्यांनी केलेली ही एकच गोष्ट.

सोसायटीच्या गेटासमोर एक लांब भिंत होती, निवडणुकीच्या घोषणांची. शेजारचे म्हणाले, अंधारात जा, कुणी बघणार नाही. मी रविवारी सकाळी दहाला गेले. खऱ्या दाराएवढं दार काढलं. चपला काढल्या, हिरवा दोरा काढला. मग पाटी भरली. अण्णा ट्रकवर लिहायचे तशी, सावलीची ठसठशीत अक्षरं. पूर्ण नाव, आडनावासकट. माणसं जमली. भाजीवाला गाडी सोडून आला. तिसऱ्या मजल्यावर साहेब पेपर घेऊन उभे होते. त्यांनी वाचलं आणि आत गेले.

वहिनी खाली आल्या. पायात चप्पल नव्हती, घाईत विसरल्या असाव्यात. हातात ओलं फडकं. "ओलं आहे तोवर पूस गं," त्या म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या. माझ्या मुलीचं लग्न आहे यंदा."

"शालूआक्काचं पण व्हायचं होतं, वहिनी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. फडकं त्यांनी माझ्या हातात कोंबलं. मी ते त्यांच्या पायाशी ठेवलं.

"न्हाई पुसणार. तुमी पुसा."

त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीनं माणूस लावून भिंतीला चुना मारला. आमचे जिने गेले. मायनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. साहेब तिसऱ्या मजल्यावरच राहिले. आक्काला मावशीकडं गावी पाठवलं, ती परत आली नाही. चपला इथंच राहिल्या.

माझी रांगोळी आक्कानं पाहिली, ती मी पुसताना. भिंत तिनं पाहिलीच नाही. हे माझ्याच्यानं आता दुरुस्त होणार नाही.

चुना वाळला त्या रविवारी मी डबा घेऊन पुन्हा गेले. तेच दार, तेच नाव. त्यांनी पुन्हा चुना मारला, मी पुन्हा गेले. केरसुणी मी आजही हातात धरते, पोटासाठी धरावीच लागते. पण मी लिहिलेलं ज्याला पुसायचं असेल, त्यानं स्वतः वाकावं.