घोडीच्या वतीने आलेली फिर्याद

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी संपत असताना शाळेच्या गणवेशातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पायऱ्या चढून थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली. तो प्रसंग मनातून जात नाही, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

“साहेब, उंद्रीच्या रस्त्यावर कापसाची बंद जिनिंग मिल हाय ना, तिथं एक घोडी कोंडून ठेवली. लय लंगडते. मी फाटकाखालून पाणी सरकवते, तवा कशीबशी येते.”

हवालदार हसले. “काऊन वं पोरी, घोडी तुह्या बापाची हाय का?”

“नाई. म्हनून का तिले तहान लागत नाई?”

सगळे हसले. मीही हसलो. मालकाचा पत्ता नाही, मग फिर्यादी कोण, असं कायद्याच्या थाटात विचारून मी तिला शाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मी बंदोबस्ताच्या घाईत होतो. “उद्या पाहू,” म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तिने वहीचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. प्रत्येक दिवसाची एक ओळ होती. शेवटची ओळ अशी: ‘आज पाणी प्याले आली नाई.’

“फिर्यादी मी हाय,” ती म्हणाली. “लिवा.”

मी टोपी उचलली.

दोन पंच घेऊन जिनिंगच्या फाटकाचं कुलूप तोडलं. तांबडी घोडी भिंतीला टेकून पडली होती. फासळ्या दिसत होत्या, पुढचा पाय सुजून जखमेत किडे पडले होते. पंचनामा लिहिला. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिथेच सलाईन लावलं आणि इतकंच म्हणाले, “आजचा दिवस गेला असता तर ही गेली असती.” दोन दिवस कोणी घालवले, हे मला ठाऊक होतं.

आता मालक शोधायचा होता. गावात घोडी बाळगणारा एकच माणूस होता, वरातीला भाड्याने देणारा. त्याला बोलावलं.

“माही घोडी म्या कवाच जत्रेत विकली साहेब. हे मोकाट असंन.”

शेजाऱ्यांना विचारलं. अख्ख्या गावाने जिच्यापुढे नाच केला, ती घोडी झूल आणि गोंडे काढल्यावर कोणालाच ओळखता येईना. मलाही आली नसती. आपण घोडी पाहत नाही, तिच्यावरचा नवरदेव पाहतो.

मग डोणगावच्या एका म्हाताऱ्या नालबंद चाचांना बोलावलं. घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांची हयात गेली होती. घोडेवाल्यालाही समोर उभं केलं. चाचांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला, मग मागचा पाय मांडीवर घेतला.

“साहेब, हा नाल माह्या हातचा हाय. हिचा हा खुर बाहेरून चिरलेला हाय, म्हनून तिकडं मी एक खिळा कमी मारतो. पाहा मोजून.” मग घोडेवाल्याकडे वळले. “लगनसराईच्या आधी तूच माह्याकडं आनली होती ना बे हिले? खुदा के वास्ते झूठ नको बोलू.”

तो खाली बसला. घोडीकडे न पाहता बोलू लागला.

“डांबरावर नाचता नाचता पाय मुरगळला. लंगडी घोडी दारात दिसली तर अपशकून म्हनतात साहेब, वरातीले कोन बोलावन? चार दिवस लपवतो म्हनलं... मंग तिच्यासमोर जायची हिंमतच झाली नाई.”

गुन्हा दाखल झाला. कोर्टात त्याने कबुली दिली. घोडीचा ताबा नालबंद चाचांना मिळाला. “ती माह्या दारात राहीन,” ते म्हणाले, “पन आता नाचनार नाई.” तोवर ती दवाखान्याच्या आवारात होती आणि शाळेआधी मुलगी रोज तिथे हजर.

काही आठवड्यांनी ती पुन्हा माझ्या टेबलासमोर आली.

“साहेब, माही तक्रार काटा. ती चालून राह्यली.”

तक्रार अशी खोडून टाकता येत नाही, हे मी समजावलं. तिने क्षणभर विचार केला.

“मंग खाली लिवा, घोडी बरी झाली म्हनून.”

मी स्टेशन डायरी पुढे ओढली आणि लिहिलं. हवालदारांनी या वेळी तिला खुर्ची दिली.

मुक्या जनावराला फिर्याद देता येत नाही, म्हणून त्याच्यावरचा अन्याय अन्याय राहत नाही, असं मानणारी व्यवस्था नालायक आहे. मी त्या व्यवस्थेच्या खुर्चीत बसून हसलो होतो. साऱ्या नोकरीत वरिष्ठांनी मला पुष्कळ शिकवलं. पण ‘फिर्यादी कोण’ या प्रश्नाआधी ‘तहान कोणाला लागली’ हे विचारायचं असतं, ते त्या मुलीने शिकवलं. हसून परत पाठवलेली ती पोर तिसऱ्यांदा आली, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. ती आली नसती, तर डायरीतली ती एक ओळ माझ्याकडून लिहायची राहूनच गेली असती.