पाणी तापवायचा कोळसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ही एक गोष्ट बाजूला ठेवून बाकीचं सगळं बोलून घेते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? सांगायला बसले तरी आधी कोळशाबद्दलच बोलावंसं वाटतंय.

कोळशातलं मला कळतं. माझं माहेर दासगावचं. वडिलांची छोटी खानावळ होती, सगळा स्वयंपाक शेगड्यांवर. पोतं ओतलं की एकेक तुकडा दुसऱ्यावर आपटून बघायचा. पक्का कोळसा खणकन वाजतो. कच्चा नुसता बद्द करतो — आत लाकूड राहिलेलं असतं, मोडलं की तपकिरी दिसतं, आणि पेटलं की डोळे चुरचुरवणारा पिवळट धूर सोडतं. पक्का डब्यात भरायचा, कच्चा वेगळ्या पोत्यात, अंघोळीचं पाणी तापवायला. सासरी पोलादपूरला आले ती ही सवय घेऊनच. एवढी एक विद्या माझ्याकडे होती, आणि दुसरी मटणाची. देवीच्या राखणीला, म्हणजे वर्षाचा मान द्यायच्या दिवशी, भावकीच्या पंगतीत माझंच पातेलं आधी रिकामं व्हायचं.

मग नंदा आली.

नंदा माझी धाकटी जाऊ. दीर, विलास, मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. दोन वर्षांपूर्वी नंदा चार महिने गावी राहायला आली ती लोखंडी ड्रम घेऊनच. वर झाकण, बाजूला धुराचा पाइप, खाली हवा आत घ्यायला छोटी खिडकी. तळाशी निखारे, त्यावर आंब्याच्या लाकडाची एखादी ढलपी, आणि वरच्या जाळीवर मसाला चोळलेली अख्खी कोंबडी — चार तास, मंद धुरात. मी मनात म्हटलं, कोंबडीला धुरी देणार म्हणे! बाळंतीण आहे का ती?

पहिल्या दिवशी झाकण उघडलं आणि परसात शेजारपाजार गोळा झाला. मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. आमच्या सासूबाई — ज्यांनी सव्वीस वर्षांत माझ्या रश्शाला ‘बरा झालाय’ यापलीकडे काही म्हटलं नाही — त्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला. वर म्हणाल्या, “हाताला चव हाय गो पोरीच्या.”

पोरीच्या! माझ्या पोटात दुखलं ते तिथे. अगदी तिथेच.

नंदा वाईट असती तर किती सोपं झालं असतं. पण ती तशी नव्हती. पहिला तुकडा माझ्या ताटात वाढायची. “ताई, कोळसा तुम्हीच निवडून द्या, मला त्यातलं कळत नाय,” म्हणायची. ती लाडाने बोलायची आणि मला वाटायचं, ही मला आपल्या हाताखाली घेतेय. आमचे हे जेवताना म्हणाले, “नंदाचं कायतरी वेगळंच असतं,” तर मी दोन दिवस भाजीत मीठ कमी घातलं. हसा तुम्ही. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

तिला गावीच राहायचं होतं. मुंबईच्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. विलासची एकच अट होती — हे कोंबड्या विकायचं काम चालतंय असं दिसलं तर खोली सोडू, दोघंही इथे येऊ. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला तिने विचारलं. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे थांबतात. तो म्हणाला, रविवारी दुपारी येतो, चाखतो, आवडलं तर दर आठवड्याला घेईन. विलास त्यासाठी मुद्दाम सुट्टी काढून आला.

चार तासांत निखारे दोनदा घालावे लागतात. कोरा कोळसा ड्रममध्ये टाकायचा नाही — आधी घमेल्यात पेटवून, त्यावर पांढरी राख धरली की मगच आत. ते काम माझं होतं. पहिली खेप मी नीट दिली. मग आत कोळसा आणायला गेले. डबा समोर होता. शेजारी पाणी तापवायचं पोतं होतं.

काय विचार केला मी? काही नाही, असं सांगता आलं असतं. पण नाही — मी विचार केला. मी तुकडे वाजवून बघितले. कच्चे, सगळ्यांत जास्त कच्चे, हाताने निवडले. वडिलांनी शिकवलेली विद्या अशी वापरली. वर डब्यातले चार पक्के ठेवले आणि ते पेटताच, खालचे अजून काळे असताना, घमेलं उचलून नंदाकडे दिलं. तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडून आलेलं, मग काय बघायचं?

थोड्या वेळाने पाइपमधून जाड, पिवळा धूर यायला लागला. नंदा धावत आली. “ताई, धूर असा कसा येतोय?”

तेव्हाही वेळ होती. झाकण काढून निखारे उपसले असते तर निभावलं असतं.

मी म्हटलं, “चरबी गळत असेल.”

हॉटेलवाला आला. त्याने एक घास घेतला, चावला, आणि पाणी मागितलं. भला माणूस होता. “जरा कडवट लागतंय हो, घशाला चरचरतंय. बघू पुढे कधी,” एवढंच म्हणाला आणि गेला. विलासने ताट बाजूला सारलं. “तुला बोललेलो ना, हे आपलं काम नाय?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कोळशाची शंका आली असावी. मी आपणहून म्हटलं, अगदी ठणकावून म्हटलं, “कोळसा मी स्वतः निवडलाय. त्यात खोट नाय.” करून सवरून नामानिराळी.

आणि नंदा — नंदा माझ्याजवळ आली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते की रडून, कुणास ठाऊक. म्हणाली, “ताई, तुम्ही एवढा निवडून दिलात आणि मी घाण केली. माफ करा मला.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या क्षणी मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? मला बरं वाटलं. हलकं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आठ दिवसांत ती मुंबईला गेली. ड्रम तसाच परसात राहिला. पावसाळा संपल्यावर मी तो घासून काढला. का? भंगारात का नाही घातला? एक दिवस कोंबडी लावून बघितली, अडलं तिथे नंदाला फोन केला. तिने हातचं काही राखलं नाही. खिडकी किती उघडी ठेवायची, ढलपी कधी टाकायची, कोंबडी जाळीवर कुठल्या बाजूला — सगळं सांगितलं. महिन्याभराने मीच त्या हॉटेलवाल्याला बोलावलं. आता दर शनिवारी त्याचा माणूस येऊन घेऊन जातो. सासूबाईसुद्धा शेजारणींना सांगतात, थोरलीने नाव काढलं म्हणून. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि ऐकताना मी आत निघून जाते.

नंदा अजून त्याच खोलीत आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. खुशाली झाली, ड्रमची चौकशी झाली. मग तिने विचारलं, “ताई, आता तुम्हाला सगळं कळलंय म्हणून विचारते. त्या दिवशी माझं नक्की काय चुकलेलं?”

मी म्हटलं, “झाकण फार लवकर लावलंस गो.”

“तरीच,” ती म्हणाली.